अंतराळातील जगणे आणि समीक्षकाची मोजपट्टी

चित्रपट संपला की आपण सहज म्हणून जातो, "काही पटला नाही बुवा!" कौटुंबिक चित्रपटातील सासू पटली नाही, तर त्यामागे आपला घरोघरचा अनुभव असतो. परंतु ज्या अंतराळात आपल्यापैकी कोणी पाऊलही टाकलेले नाही, तेथील कथा पटली किंवा पटली नाही, हे आपण कशाच्या आधारावर ठरवतो? विज्ञानपटाच्या समीक्षेतील कळीचा प्रश्न हाच आहे. नागपूरच्या आरती कडव यांच्या 'कार्गो' या हिंदी चित्रपटाने तो आपल्या अगदी दाराशी आणून ठेवला.

'कार्गो' प्रथम २०१९ साली मुंबईच्या 'मामी' महोत्सवात दाखवला गेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. आरती कडव यांचे शिक्षण कानपूरच्या आय. आय. टी.मधले, म्हणजे विज्ञानाशी त्यांचा परिचय नव्हता असे म्हणण्याची सोय नाही. तरीही त्यांच्या यानाचे नाव 'पुष्पक', आणि त्यातील एकाकी कर्मचारी 'प्रहस्थ' हा जातीने राक्षस! रामायणातील रावणाच्या सेनापतीची आठवण करून देणारे हे नाव. पृथ्वीवर मेलेली माणसे 'माल' म्हणून या यानात येतात. त्यांच्या जखमा भरल्या जातात, आठवणी पुसल्या जातात आणि त्यांना पुनर्जन्मासाठी रवाना केले जाते. प्रहस्थाने (विक्रांत मॅसी) हे काम वर्षानुवर्षे एकट्याने केले आहे. मग युविष्का (श्वेता त्रिपाठी) ही नवी मदतनीस येते. जमिनीवरून त्याच्याशी संपर्क ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या भूमिकेत आपले नंदू माधव आहेत, 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'तील दादासाहेब फाळके!

समीक्षकांनी या चित्रपटाचे स्वागत केले, पण हात राखून. कल्पनेचे नावीन्य, थोड्या खर्चात उभे केलेले यान आणि पुराणाची यंत्रयुगाशी घातलेली सांगड यांचे कौतुक झाले. तक्रार होती ती मुख्यतः संथ गतीची.

आता याच्या शेजारी 'ग्रॅव्हिटी' हा २०१३ सालचा चित्रपट ठेवून पाहू. अल्फान्सो क्वारोन यांच्या या चित्रपटाला सात ऑस्कर पारितोषिके मिळाली. मात्र शास्त्रज्ञांनी त्याच्यावर बोट ठेवले. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी भारहीन अवस्थेत नायिकेचे केस मोकळे का तरंगत नाहीत, असे विचारले. त्याहून मोठा आक्षेप कक्षेचा होता. हबल दुर्बिणीची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे २८.५ अंशांचा कोन करते, तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची ५१.६ अंशांचा. दोन्ही सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतात. एका कक्षेतून दुसरीत जायचे म्हणजे त्या वेगाची दिशाच वळवायची. त्यासाठी सेकंदाला सुमारे ३ किलोमीटरचा वेगबदल लागेल. पाठीवरच्या लहानशा यंत्राला हे कदापि साधणार नाही. चित्रपट मात्र दुर्बिणीवरून स्थानकावर शेजारच्या आळीत जावे तसा जातो.

मग एकाला विज्ञानाची कसोटी आणि दुसऱ्याला सूट, हा पक्षपात नव्हे काय? आपल्याकडील दोन साध्या गोष्टी घेतल्या तर उत्तर सापडते. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला महापूर आला आणि जांभूळपाड्यात हाहाकार उडाला. आमच्या नागोठण्यात अंबेच्या काठी कोणी पुरातून वाचल्याची हकिगत सांगू लागला, तर ऐकणारे दोन प्रश्न हमखास विचारतील. पाणी कुठवर चढले होते? आणि तुम्ही कशाला धरून राहिलात? पहिल्या उत्तरात गफलत झाली, तर दुसऱ्यावरचा विश्वासही डळमळतो. याउलट कीर्तनात बुवा यमाच्या दरबाराचे वर्णन करतात, तेव्हा तो दरबार किती कोसांवर आहे, असे कोणी विचारीत नाही. पण पूर्वरंगात सांगितलेली चित्रगुप्ताची वही उत्तररंगात बुवा विसरले, तर चाणाक्ष श्रोता घरी जाताना ते बोलून दाखवल्याशिवाय राहत नाही.

'ग्रॅव्हिटी' ही पुराची हकिगत आहे. अंतराळात हवा नाही, ध्वनी नाही, जगणे अशक्य आहे, असे तो आरंभीच लेखी बजावतो. म्हणून कक्षेचा आक्षेप रास्त ठरतो. तो मान्य करूनही नायिकेची जगण्याची धडपड मनाला भिडते, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चित्रपट प्रामाणिकपणे देतो. स्वतः टायसन यांनीही चित्रपट आवडल्याचे पुढे सांगितले. 'कार्गो' हे मात्र कीर्तन आहे. त्याला कक्षा विचारणे व्यर्थ. त्याला विचारायचे ते हे की, एकदा मांडलेले नियम तू पाळलेस का?

या दृष्टीने पाहता संथपणाची तक्रार मला अपुरी वाटते. वर्षानुवर्षे एकटा राहिलेला जीव घाईत कसा दाखवणार? उणीव आहे ती दुसरीकडे. आठवणी पुसल्या जाणे हा या कथेचा गाभा. पण यानात येणारी बहुतेक माणसे क्षणभर दिसून नाहीशी होतात. जिची ओळखच झाली नाही, तिची आठवण पुसली गेल्याचे दुःख प्रेक्षकाला कसे व्हावे? हा दोष विज्ञानाचा नसून कथनाचा आहे.

मराठीत या चर्चेला जुना संदर्भ आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि ती पहिली आली. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी तिची दखल घेतली. विज्ञानकथेचा पाया खऱ्या विज्ञानाचा असावा, असा नारळीकरांचा आग्रह होता. २०२५ साली ते निवर्तले. त्या आग्रहाने मराठी विज्ञानकथेला शिस्त लावली, हे ऋण मोठे आहे. त्या मोजपट्टीने 'कार्गो' विज्ञानकथाच ठरणार नाही. न ठरो! पण म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. त्याचे घराणे वेगळे, एवढेच.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. आपल्या वर्गातील एखादी मुलगी उद्या अंतराळावर कथा लिहील. तिच्याजवळ प्रयोगशाळा नसेल, पण आजीने सांगितलेली यमाची गोष्ट असेल. "यात विज्ञान कुठे आहे?" एवढेच विचारून आपण तिची वही परत केली, तर ती पुन्हा लिहिणार नाही. "छान आहे" म्हणून पाठ थोपटली, तरी ती पुढे सरकणार नाही. तिने पुराची हकिगत लिहिली आहे की कीर्तन मांडले आहे, हे आधी ओळखावे आणि मग त्या जातीचे कठोर प्रश्न तिला विचारावेत. समीक्षकाकडून, प्राध्यापकाकडून आणि वर्गमित्राकडूनही तिला हवे आहे ते हेच.