यात्रा पैठणची, नोंद गावोगावची

फाल्गुन महिन्यात तुकाराम बीजेपासून पैठणला नाथांच्या वाड्यातील रांजण भरण्यास आरंभ होतो. भाविक घागरीघागरीने पाणी आणून त्यात ओततात आणि तो भरून वाहू लागला की श्रीखंड्या आला, अशी श्रद्धा आहे. पुढे वद्य षष्ठीपासून अष्टमीच्या काल्यापर्यंत गोदाकाठ दिंड्यांनी आणि लाखो वारकऱ्यांनी गजबजून जातो. भक्तीचा हा सोहळा सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने एक कठीण परीक्षाही असतो, आणि तिचा निकाल पैठणात लागत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. यात्रा तीन दिवसांची असते. पटकीचे जंतू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसू लागेपर्यंत काही तासांपासून पाच दिवसांपर्यंतचा काळ जातो; विषमज्वरास तर बहुधा एक ते तीन आठवडे लागतात. षष्ठीच्या दिवशी दूषित पाणी प्यालेला वारकरी अंथरुणास खिळतो तो आपल्या गावी, बीड, जालना, परभणी वा अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या वस्तीवर. पैठणच्या दवाखान्यातील नोंदवही कोरीच राहते. दहा गावांत एकेक रुग्ण आढळतो आणि प्रत्येक गाव त्यास उन्हाळ्याचा जुलाब समजून सोडून देते. या दहा नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या, तरच त्यांमागील एकच पाणवठा दिसू लागतो. राष्ट्रीय रोगसर्वेक्षण म्हणतात ते मुळात हेच होय.

ही यंत्रणा उभी राहण्यास निमित्त झाले तेही याच मुलखात. १९९४ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीपलीकडील बीड जिल्ह्यात, मामला या गावी, उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि पाठोपाठ माणसांच्या जांघेत व काखेत गाठी आल्या. १९६६ नंतर देशात प्लेगचा रुग्ण आढळला नव्हता. रोग इतिहासजमा झाला असे सर्वांनी गृहीत धरले होते. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. देशभरात मिळून मृत्यू झाले ते ५४. परंतु भीतीने केलेली हानी त्याच्या कितीतरी पट होती. त्या धड्यातून १९९७-९८ मध्ये संसर्गजन्य रोगांच्या सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोगसर्वेक्षण प्रकल्प आला. उपकेंद्रातील कर्मचाऱ्याने लक्षणांवरून, वैद्यकीय अधिकाऱ्याने निदानावरून आणि प्रयोगशाळेने तपासणीवरून नोंद करावयाची. ती जिल्ह्यातून पुण्यास व तेथून दिल्लीस जावयाची, अशी ही साखळी आहे. पूर्वी ही माहिती आठवड्यातून एकदा जात असे. २०२१ पासून ती संगणकावर रोजच्या रोज भरता येते.

साधने सुधारली, हे निर्विवाद. परंतु साखळीचे बळ तिच्या पहिल्या कडीत असते आणि ती कडी यंत्राची नसून माणसाची आहे. गावात पाच जणांना जुलाब झाले हे लिहिणाऱ्यास वरून पहिला प्रश्न येतो तो ‘पाण्यात औषध टाकले नव्हते काय?’ असा. मदत पुढे येण्याआधी खुलासा मागितला जातो. अशा स्थितीत शून्य लिहिणे सर्वांनाच सोयीचे ठरते, आणि कागदावर निरोगी असलेले गाव प्रत्यक्षात निराधार होते.

इतिहासाने या बाबतीत दोन्ही वाटा दाखविल्या आहेत. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या नावाखाली सोजिरांनी घरांच्या झडत्या घेतल्या, तेव्हा लोकांनी रोगीच लपविले. त्याच वर्षी झालेला साथीच्या रोगांचा कायदा सरकारला अधिकार देऊ शकला, लोकांचा विश्वास मात्र देऊ शकला नाही. याउलट देवीच्या निर्मूलनात १९७५ साली, देशातील अखेरचा रुग्ण आढळल्यानंतरही, रोगी दाखविणारास एक हजार रुपयांचे इनाम जाहीर झाले. जो कळवील तो उपकारकर्ता, ही त्यामागील दृष्टी होती. १९७७ च्या एप्रिलमध्ये भारत देवीमुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय समितीने मान्य केले, त्यात लसीइतकाच या दृष्टीचाही वाटा आहे.

पैठणच्या यात्रेपुरते पाहिले, तर दोन गोष्टी तातडीने करण्याजोग्या आहेत. दिंडी ज्या गावाहून आली त्या गावाच्या आरोग्य केंद्रास तसे कळवावे, आणि काल्यानंतरचे तीन आठवडे तेथील तापाची व जुलाबाची प्रत्येक नोंद यात्रेच्या संदर्भात तपासावी. यास मोठा खर्च नाही. शाळेतील हजेरीपटावर एकाएकी वाढलेली गैरहजेरी शिक्षकाच्या नजरेस सर्वांआधी येते. तिने त्याच्या मनात शंका निर्माण केली आणि ती त्याने आशाताईच्या कानावर घातली, तर दिल्लीपर्यंतची साखळी हलू शकते. मात्र त्या शंकेचे स्वागत झाले पाहिजे, आणि ती खोटी ठरली तरी कोणी बोल लावता कामा नये.

नाथांच्या वाड्यातील रांजण कोणा एकाच्या घागरीने भरत नाही, आणि आपली घागर लहान म्हणून कोणी मागे फिरत नाही. देशाच्या आरोग्याची वहीही अशीच, एकेका खऱ्या नोंदीने भरावी लागते.