विंडोज ११ आली, ‘स्टार्ट’ बटण हललं! ऑफिसातला गोंधळ कसा टाळाल?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षा अपडेटशिवाय ऑफिसचा डेटा धोक्यात येऊ शकतो, म्हणून अनेक ठिकाणी विंडोज ११ टाकली जात आहे. अपडेट रात्रीत होतं, पण सकाळी त्यावर काम करणाऱ्यांचं काय?

अडचण कुठे येते?
रोजची कामं हात सवयीने करतो. आता स्टार्ट बटण मधोमध आलंय आणि राइट क्लिकचे अनेक जुने पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’मागे गेलेत. वीस वर्षं बिलं काढणारा क्लार्कही इथे अडखळतो. ज्युनिअरला विचारायचा संकोच वाटतो आणि काम तुंबतं.

लगेच काय कराल?
• स्टार्ट बटण डावीकडे हवं? सेटिंग्ज > पर्सनलायझेशन > टास्कबार > टास्कबार बिहेवियर्समध्ये अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करा.
• जुना मेन्यू हवा? फाइल निवडून शिफ्ट + एफ१० दाबा.
• मराठी कीबोर्ड जोडलेला असेल, तर विंडोज + स्पेस दाबून भाषा बदला.

ऑफिसने काय करावं?
पगारबिलाच्या आठवड्यात अपडेट नको. आधी एकाच कम्प्युटरवर प्रिंटर, स्कॅनर आणि जुनी सॉफ्टवेअर चालतात का ते तपासा. रोजच्या दहा कामांच्या पायऱ्या मराठीत लिहून टेबलावर लावा. शिकवताना माउस मात्र कर्मचाऱ्याच्याच हातात राहू द्या. दुसऱ्याने भराभर करून दाखवलेलं दुपारपर्यंत विसरलं जातं.