त्या सकाळी देव कुठे होता?

१ नोव्हेंबर १७५५, शनिवार. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. कॅथलिकांचा सर्व संतांचा सण असल्याने सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्चेस भरलेली होती. वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या, मिस्सा सुरू होती. आणि जमीन हलू लागली. धक्के काही मिनिटे चालले. दगडी छते प्रार्थना करणाऱ्यांच्या अंगावर आली. जे वाचले ते मोकळी जागा म्हणून तेजू नदीच्या काठाकडे धावले. तासाभराच्या आत तिथे समुद्र चालून आला. शहरात लागलेली आग पुढे पाच-सहा दिवस जळत राहिली. सर्व संतांच्याच नावाचे मोठे इस्पितळ रुग्णांसह आगीत गेले. एकूण किती माणसे दगावली, याचे अंदाज १० हजारांपासून ६० हजारांपर्यंत जातात.

लिस्बन हे युरोपातल्या अत्यंत धार्मिक शहरांपैकी एक. तिथे देवाचे घर पडले आणि देवाच्या दारात आलेली माणसे मेली. वेश्यावस्ती मात्र बरीचशी वाचली, असे तेव्हापासून सांगितले जाते. मग त्या सकाळी देव कुठे होता?

धर्मशास्त्राचा मी अभ्यासक नव्हे. इतिहास वाचणारा माणूस. पण लिस्बनविषयी वाचताना दर वेळी माझे लक्ष भूकंपापेक्षा त्यानंतर उठलेल्या या प्रश्नाकडे जाते. प्रश्न जगाएवढा जुना आहे. आपल्याकडे त्याला एक तयार उत्तर असते: पूर्वजन्मीचे कर्म. पटो न पटो, निदान हिशेबाला एक वही मिळते. ख्रिस्ती श्रद्धेत पूर्वजन्म नाही. एकच देव, त्यानेच सारे निर्माण केलेले, त्याचीच सत्ता सर्वांवर. चिमणीदेखील त्याच्या इच्छेवाचून जमिनीवर पडत नाही, अशी ख्रिस्ताची शिकवण. मग सगळी जबाबदारी फिरून एकाच दारात येते. तो सर्वशक्तिमान आहे आणि तो चांगला आहे, तर निरपराध माणूस चिरडला का जातो? थांबवता येत नसेल तर तो सर्वशक्तिमान कसला, आणि येत असूनही थांबवत नसेल तर चांगला कसला?

थोरामोठ्यांनी यावर डोके झिजवले आहे. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनने सांगितले, की दुष्टता ही देवाने घडवलेली वस्तूच नव्हे. अंधार म्हणजे जसा प्रकाशाचा अभाव, तशी दुष्टता म्हणजे चांगुलपणाचा अभाव. देवाने माणसाला स्वतंत्र इच्छा दिली आणि माणसाने ती वाकडी वापरली. खून, लबाडी, युद्ध यांना हे उत्तर बऱ्यापैकी लागू पडते. पण भूकंपात कोणाची इच्छा वाकडी झाली? १७१० मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्स याने या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. देवापुढे अनेक शक्य जगे होती. त्यांतले सर्वांत चांगले तेच त्याने निर्माण केले, असा त्याचा युक्तिवाद. विद्वानांच्या बैठकीत तो शोभून दिसला. पंचेचाळीस वर्षांनी त्याला लिस्बनच्या ढिगाऱ्यावर उभे राहावे लागले.

आणि तिथे काय झाले पाहा. गाब्रिएल मालाग्रीदा या वृद्ध जेझुइट पाद्रीने १७५६ मध्ये पुस्तिका काढली. हा भूकंप नैसर्गिक नव्हे, लिस्बनच्या पापांची ही शिक्षा आहे, तेव्हा आधी पश्चात्ताप करा, असे त्याचे म्हणणे. तिकडे इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकानेही पुस्तिका लिहिली. त्याच्या मते इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिकांच्या धर्मन्यायालयाने, जे रक्त सांडले त्याचाच हा जाब असावा. दोघेही प्रामाणिक, दोघेही देवभक्त. दोघांनाही देवाच्या मनातले कारण ठाऊक होते, आणि ते नेमके ज्याच्या त्याच्या मताशी जुळणारे होते!

व्हॉल्टेअरला हे सारे असह्य झाले. त्याने लिस्बनवर दीर्घ कविता लिहिली आणि पुढे १७५९ मध्ये ‘कँडीड’ या कादंबरीत ‘सर्वोत्तम जगा’ची यथेच्छ टिंगल केली. त्या कवितेला रूसोने पत्रातून दिलेले उत्तरही विचार करण्यासारखे आहे. सहा-सात मजल्यांची २० हजार घरे एका ठिकाणी दाटीवाटीने निसर्गाने बांधली नव्हती, हा त्याचा मुद्दा. आपल्याकडे पहाटे झोपेत असलेल्या माणसांवर दगडमातीची घरे कोसळली, तो ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवला की रूसोचे म्हणणे अधिक कळते. जमीन हलणे माणसाच्या हाती नाही. घर कसे बांधायचे हे पुष्कळ अंशी आहे.

राजाचा मंत्री कार्व्हालो, पुढे मार्क्विस ऑफ पोम्बाल म्हणून ओळखला गेलेला, वादात पडला नाही. रोगराई पसरू नये म्हणून त्याने, धर्मगुरूंची संमती घेऊन, प्रेते नावांतून नेऊन समुद्रात सोडली. नव्या इमारतींच्या भिंतींत लाकडी पिंजऱ्यासारखा सांगाडा घालण्यात आला. गावोगावच्या चर्चना प्रश्नावली गेली: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी चढला की ओसरला, किती माणसे मेली? भूकंपशास्त्राची सुरुवात पुष्कळ जण इथून धरतात. या प्रश्नांची उत्तरे लिहून पाठवली ती पाद्रींनीच. ‘का’ बाजूला ठेवून ‘कसे’ नोंदवण्यात त्यांच्या श्रद्धेला बाध आला नाही.

पण पोम्बालला देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. मालाग्रीदाला त्याने आधी राजधानीबाहेर घालवले, मग तुरुंगात टाकले. १७६१ मध्ये इन्क्विझिशनने त्या म्हाताऱ्याला धर्मद्रोही ठरवले आणि भर चौकात गळा आवळून त्याचे प्रेत जाळण्यात आले. पोम्बालच्या या वैराची झळ गोव्यापर्यंत पोचली. पोर्तुगीज मुलखातून जेझुइटांना हाकलले, त्यात गोवाही आला. भूकंपाने जे केले त्याला निसर्ग जबाबदार होता. त्या चौकात जे झाले, ते माणसांनी शुद्धीवर राहून केले.

मला नवल वाटते ते याचे, की ज्या बायबलचा आधार मालाग्रीदा आणि वेस्ली घेत होते, ते बायबलच अशा स्पष्टीकरणांविषयी साशंक आहे. ईयोबाची कथा पाहा. सज्जन, संपन्न माणूस. एका दिवसात सात मुलगे, तीन मुली आणि सारी मालमत्ता जाते, पाठोपाठ अंगभर फोड येतात. तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. मग तोंड उघडतात आणि बिघडते: तू काही पाप केले असशील, त्याशिवाय का? ईयोब ऐकत नाही. तो थेट देवाशी भांडतो. शेवटी देव बोलतो, पण दुःखाचे कारण सांगतच नाही. रागावतो मात्र देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांवर. भांडणारा ईयोब खरे बोलला, असा निवाडा होतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, हा प्रश्न खुद्द ख्रिस्ताने काढला आणि ‘नाही’ असेच उत्तर दिले.

मग देवाच्या सार्वभौमत्वाचे काय? मी जे समजलो ते असे. जे घडते ते सगळे देवाला आवडते, असा त्याचा अर्थ नाही. दुष्टाव्याचा शब्द अखेरचा ठरणार नाही, हा त्यातला भरवसा आहे. ख्रिस्ती श्रद्धेचा देव वरून पाहणारा न्यायाधीश राहत नाही, क्रुसावर तो स्वतः ‘मला का टाकलेस’ असे विचारणारा होतो. तर्काने हा हिशेब मिटत नाही. दोस्तोव्हस्कीच्या कादंबरीतला इव्हान करामाझोव्ह विचारतो, की एका लहान मुलाच्या छळावर उभारलेली सृष्टीची सुसंगती कोणाला हवी आहे? त्याला चोख उत्तर कोणी दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

पण माणसे जगली कशी, हे पाहता येते. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ति सदन त्यांतून वाढले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी तरीही सोडले नाही. १९२२ मध्ये त्या गेल्या. दुष्काळ का पडतो, हे त्या मुलींना कळले की नाही कोण जाणे. घास कोणी भरवला, हे नक्की कळले.

समाचाराला गेल्यावर आपण सवयीने बोलून जातो, ‘देवाची इच्छा’. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ते म्हणण्याचा अधिकार असलाच तर ज्याच्या घरचे माणूस गेले त्याला आहे; आपल्याला नाही. ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आपल्याला पुरेसे आहेत.