धुराची कीर्द

मुलगा हैदराबादेस संगणकाच्या कामावर आहे, असे अभिमानाने सांगणारे मातापिता आता आम्हांस गावोगावी भेटतात. तेथे भट्टी नाही, काजळी नाही. तेव्हा काम स्वच्छच असणार, असा आमचाही समज होता. परंतु संगणक वीज खातो आणि आपल्या देशातील बहुतांश वीज अद्याप कोळशाच्या जाळावरच निघते. धूर होतो, तो दुसऱ्याच्या गावात होतो, इतकेच.

या धुराचे माप घेणारी 'कोडकार्बन' नावाची विनामूल्य आज्ञावली कॅनडातील मिला ही संशोधनसंस्था, अमेरिकेतील हॅवरफर्ड कॉलेज व त्यांचे सहकारी यांनी २०२० साली प्रसिद्ध केली. काम चालू असता ती साधारणतः दर १५ सेकंदांनी विजेचा ओढा पाहते, एकंदर युनिटे काढते आणि त्या प्रदेशात एका युनिटामागे किती कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्या अंकाने गुणते. ३०० वॅटचे यंत्र १० तास चालले, तर ३ युनिटे झाली. आपल्याकडे युनिटामागे सुमारे ७०० ग्रॅम धरले, तर २ किलो १०० ग्रॅम होतात. जेथे बरीचशी वीज अणुशक्तीची आहे त्या फ्रान्समध्ये तेच काम ३०० ग्रॅमच्या आत आटोपते.

हिशेब झाला, तो ठेवावयाचा कोठे? मुळात ही आज्ञावली आपले आकडे त्याच यंत्रावरील एका फायलीत लिहिते. परंतु आज यंत्रे पुष्कळदा तासाच्या भाड्याने घेतात. काम संपले की यंत्र परत जाते आणि त्यासवे फाइलही. प्रत्येक गुमास्त्याने विक्री चिठोऱ्यावर टिपावी आणि सायंकाळी चिठोरे चुरगळून टाकावे, तशातलाच हा प्रकार. मालकाने रोजमेळ घालावा कशावरून? म्हणून जाणते लोक हे आकडे संस्थेच्या सामाईक नोंदवहीकडे, म्हणजे 'लॉगिंग' व्यवस्थेकडे, धाडतात. कोडकार्बनमध्ये तशी तजवीज आहेच. मग शंभर यंत्रांच्या नोंदी एकाच कीर्दीत येतात: प्रकल्प कोणता, केव्हा, किती वेळ, किती युनिटे, कोणत्या देशात. त्यावरून खतावणी निघते आणि आकडा मर्यादेपलीकडे गेल्यास जबाबदार माणसास इशारा देण्याची सोयही करता येते.

मात्र आज्ञावली स्वतःच्या कामाविषयीही सारखी काहीबाही सांगत असते. ती बडबड आणि हिशेब एका वहीत कालवू नयेत. याहून घातक चूक निराळीच. नोंदींना पायऱ्या असतात आणि उत्सर्जनाची नोंद साध्या 'माहिती' या खालच्या पायरीवर पडते. वही आटोपशीर राहावी म्हणून कोणी 'इशाऱ्याखालचे काही घेऊ नका' असे फर्मावले, की आकडे निमूटपणे गळतात. दोष दिसत नाही, तक्रार होत नाही. महिनाअखेर पाहावे तो धूर शून्य!

शिवाय हे सारे अदमासाचे माप. काही यंत्रे आपला ओढा सांगतच नाहीत. तेव्हा तो ठरीव अंकांवरून धरावा लागतो. यंत्र घडविताना जळलेले इंधन तर यात धरलेलेच नसते. म्हणून केवळ वायूचा आकडा न धाडता युनिटेही धाडावीत, आणि माप कसे घेतले तेही शेजारी लिहावे. पुढे दरयुनिट अंक सुधारला, तर जुना हिशेब नव्याने मांडता येतो.