पाचगणीचा कातळ आणि चंद्रावरचा पाषाण

पाचगणीच्या टेबललँडवर पर्यटक ज्या तांबूस, सच्छिद्र दगडावरून फिरतात तो जांभा. त्याच्याखाली आहे सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजेच बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार घडले. सर्वांत वरच्या थरावर पुढे लक्षावधी वर्षे पाऊस कोसळत राहिला. पाण्याने दगडातील सिलिका वाहून नेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरली. काळ्या कातळाचा जांभा झाला तो असा.

पौर्णिमेच्या चंद्रावर दिसणारे काळे डागही बसाल्टचेच. तो दगड प्रत्यक्ष हाती आला जुलै १९६९ मध्ये. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांनी शांतिसागरातून सुमारे साडेएकवीस किलो दगडमाती आणली. तिच्यातील बसाल्टचे वय निघाले साडेतीनशे कोटी वर्षांहून अधिक. म्हणजे आपला सह्याद्री त्याच्यापुढे कालचे पोर! तरीही त्यातील स्फटिक ताजे, न गंजलेले होते. चांद्रखनिजांत पाण्याचे सूक्ष्म अंश असल्याचे पुढे दिसून आले, चांद्रयान-१ च्या निरीक्षणांनीही २००९ मध्ये त्याला पुष्टी दिली. परंतु जांभा घडविणारा पाऊस तेथे कधीच पडला नाही. पाचगणीत पाण्याने पुसून टाकलेला इतिहास चंद्रावर शाबूत राहिला आहे.

१९६९ ते १९७२ या काळात सहा समानव मोहिमा चंद्रावर उतरल्या आणि त्यांनी एकूण ३८२ किलो नमुने आणले. सोव्हिएत संघाच्या ल्यूना-१६ या मानवविरहित यानाने १९७० मध्ये आणलेली माती होती जेमतेम १०० ग्रॅम. मात्र फरक केवळ वजनाचा नव्हता. कोणता दगड उचलायचा हे माणूस जागेवर ठरवू शकत होता. अपोलो-१७ मधील हॅरिसन श्मिट हे तर व्यवसायाने भूवैज्ञानिक. राखाडी धुळीत नारिंगी माती त्यांच्याच नजरेस पडली. अपोलो-२० मात्र जानेवारी १९७० मध्येच रद्द झाले, कारण त्याचे अग्निबाण स्कायलॅब या अवकाशस्थानकासाठी हवे होते. हेच स्कायलॅब जुलै १९७९ मध्ये कोसळताना आपल्याकडे घबराट उडाली होती. ते पडले हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात.

अपोलोचे काही नमुने मुंबईतही आले होते, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने त्यांचा अभ्यास केला. नरेंद्र भंडारी आणि पुढे नेहरू तारांगणाचे संचालक झालेले व्ही. एस. वेंकटवरदन त्या गटात होते. चंद्राला वातावरणाचे कवच नसल्याने विश्वकिरणांतील लोहासारखी जड अणुकेंद्रे थेट दगडात घुसतात आणि स्फटिकात सूक्ष्म ओरखडे ठेवून जातात. रसायनात बुडवून स्फटिक कोरला की ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. कोणत्या खोलीवर किती ओरखडे आहेत हे मोजले, की तो दगड चंद्राच्या पृष्ठभागावर किती काळ उघडा पडला होता याचा अंदाज बांधता येतो. पृथ्वीवरच्या दगडात असली नोंद सापडत नाही; आपले वातावरण हे कण वरच अडवते.

उलट दिशेनेही एक वाट होती, ती बुलढाणा जिल्ह्यातील लोणारची. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर एकेकाळी ज्वालामुखीचे मानले जाई. भारतीय आणि अमेरिकी भूवैज्ञानिकांनी तेथे वेधनविवरे घेऊन खालचा खडक तपासला आणि ते अशनीच्या आघाताने पडल्याचा निष्कर्ष १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुरावा होता मॅस्केलिनाइट, म्हणजे प्रचंड दाबाने न वितळताच काचरूप झालेले फेल्डस्पार. असाच आघातग्रस्त खडक अपोलोच्या नमुन्यांतही होता. पृथ्वीवरील बहुतेक आघातविवरे अन्य प्रकारच्या खडकांत आहेत. बसाल्टमध्ये पडलेले, इतके सुस्थितीत राहिलेले विवर दुर्मिळच. म्हणूनच चंद्रावरील विवरांचा अभ्यास करणारे संशोधक आजही लोणारच्या काठावर नमुने गोळा करायला येतात.