गाडीतील बॉडी कंट्रोल मॉड्यूल : आधी दोषाची खात्री, मगच बदल

शेतमालाच्या वाहतुकीसाठी आज अनेक शेतकऱ्यांकडे स्वतःची पिकअप किंवा छोटा टेंपो आहे. टोमॅटो, पालेभाज्या, फुले यांसारखा नाशवंत माल वेळेवर बाजार समितीत पोहोचला नाही तर भाव जातो आणि मालही जातो. अशा ऐन हंगामात हेडलाइट न लागणे, वायपर आपोआप फिरणे, इंडिकेटर बंद पडणे किंवा सकाळी बॅटरी पूर्ण उतरलेली आढळणे असे दोष उद्‌भवतात. गॅरेजमध्ये गाडी नेल्यावर बरेचदा 'मॉड्यूल गेले, नवीन टाका' असा सल्ला मिळतो. हा भाग महाग असतो आणि तो बदलूनही दोष तसाच राहिल्याचा अनुभव पुष्कळांना येतो. कारण मूळ दोष बॅटरी, अर्थिंग, फ्यूज किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरमध्ये असतो. म्हणून मॉड्यूलवर खर्च करण्यापूर्वी कोणत्या तपासण्या कराव्यात, याची माहिती या लेखात दिली आहे.

मॉड्यूल काय काम करते?

जुन्या गाड्यांमध्ये इंडिकेटरला फ्लॅशर, हॉर्नला रिले, वायपरला वेगळा स्विच अशी प्रत्येक कामाची स्वतंत्र व्यवस्था असे. नव्या गाड्यांमध्ये यातील बरीच कामे एकाच इलेक्ट्रॉनिक पेटीकडे दिलेली असतात. तिलाच बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. ही पेटी बहुधा डॅशबोर्डखाली, फ्यूज बॉक्सजवळ असते.

आपण स्विच दाबला की त्याचा संदेश मॉड्यूलकडे जातो. मॉड्यूल तो ओळखते आणि बल्ब, मोटर किंवा रिलेला वीज देते. इंजिन व मीटर यांच्या मॉड्यूलशी त्याची देवाणघेवाण एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांवरून चालते. या पद्धतीला 'कॅन' म्हणतात. थोडक्यात, मॉड्यूलला चार गोष्टी लागतात : पुरेशी वीज, चांगले अर्थिंग, स्विचकडून येणारा संदेश आणि काम करणाऱ्या भागाकडे जाणारी धड वायर. यांपैकी एक जरी बिघडली तरी मॉड्यूलच गेल्यासारखे वाटते.

प्रथम करावयाच्या तपासण्या

पुढील तपासण्या साध्या मल्टिमीटरने करता येतात.

१) बॅटरी : इंजिन काही तास बंद असताना बॅटरीचा विद्युतदाब मोजावा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे उतरलेली समजावी. स्टार्टर फिरत असताना दाब साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू असताना तो सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट असावा. दाब कमी पडल्यास मॉड्यूल गोंधळते आणि एकाच वेळी अनेक दिवे व इशारे विचित्रपणे वागू लागतात.

२) अर्थिंग : हेडलाइट लावून बॅटरीचे ऋण टोक व गाडीची बॉडी यांमधील दाब मोजावा. तो ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असल्यास अर्थिंगची पट्टी सोडवून, गंज घासून पुन्हा घट्ट बसवावी. खतांची पोती वाहणाऱ्या गाडीत ही तपासणी अवश्य करावी. सांडलेले खत हवेतील ओल शोषून घेते व त्यामुळे जोड लवकर गंजतात.

३) फ्यूज : फ्यूज नुसता पाहून ठरवू नये, मीटरने तपासावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. जास्त क्षमतेचा फ्यूज किंवा तार घातल्यास वायरिंग व मॉड्यूल दोन्ही जळू शकतात.

४) बल्ब : एका बाजूचा इंडिकेटर भराभर उघडमीट करत असेल तर त्या बाजूचा बल्ब गेलेला असतो किंवा कमी वॅटचा बसवलेला असतो. दोष कळावा म्हणून मॉड्यूल मुद्दाम तसे करते. २१ वॅटच्या जागी बाजारातील साधा एलईडी दिवा लावला तरी हाच परिणाम दिसतो. येथे मॉड्यूल बदलण्याचे कारण नाही.

५) वायरिंग : गोठ्यात किंवा धान्याच्या कोठाराजवळ उभ्या केलेल्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात. दरवाजाच्या बिजागरीजवळ वायर सतत वाकून आतून तुटते. नंतर बसवलेले जादा दिवे, हॉर्न व टेप यांचे जोडही तपासावेत.

रात्रीतून बॅटरी उतरत असल्यास

चावी काढून, दरवाजे बंद करून साधारण अर्धा तास थांबावे, म्हणजे सर्व मॉड्यूल 'झोपतात'. मग बॅटरीच्या ऋण तारेत मीटर जोडून प्रवाह मोजावा. तो सर्वसाधारणपणे ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. जास्त असल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजने प्रवाह एकदम कमी होईल त्या मार्गात दोष आहे. मीटर जोडलेला असताना गाडी सुरू करू नये, मीटर जळेल.

मॉड्यूलच दोषी आहे हे कसे ठरवावे?

वरील तपासण्यांत दोष सापडला नाही तरच मॉड्यूलकडे वळावे. हे काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. तो पुढील क्रमाने काम करतो की नाही, याकडे मालकाने लक्ष ठेवावे.

पहिली पायरी : १६ पिनांच्या तपासणी सॉकेटला स्कॅनर जोडून दोषसंकेत लिहून घ्यावेत. 'बी' ने सुरू होणारे संकेत बॉडीतील विद्युत भागांचे, तर 'यू' ने सुरू होणारे संकेत मॉड्यूलमधील आपसातील संपर्काचे असतात. 'यू०१४०' याचा अर्थ बॉडी कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क तुटला, एवढाच आहे. मॉड्यूल जळाले असा तो निकाल नव्हे. त्याची वीज किंवा अर्थिंग तुटले तरी हाच संकेत येतो.

दुसरी पायरी : मॉड्यूलच्या कनेक्टरवरील वीज व अर्थिंगच्या मुख्य तारा २१ वॅटचा बल्ब लावून तपासाव्यात. गंजलेली तार मीटरवर १२ व्होल्ट दाखवते, पण भार येताच दाब कोसळतो. बल्ब मंद लागला तर दोष त्या तारेत आहे. हा बल्ब संदेशाच्या बारीक तारांना व एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला लावू नये.

तिसरी पायरी : स्विच दाबल्यावर स्कॅनरवर बदल दिसतो का ते पाहावे. दिसत नसल्यास स्विच किंवा त्याची वायर तपासावी. बदल दिसतो, पण दिवा लागत नाही, तर मॉड्यूलमधून दिव्याकडे निघणाऱ्या तारेवर वीज येते का ते मोजावे. वीज येत असेल तर दोष पुढील वायर, बल्ब किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे. येत नसेल तर ती तार कोठे बॉडीला चिकटली आहे का ते आधी पाहावे, कारण शॉर्ट असल्यास मॉड्यूल स्वतःच्या बचावासाठी वीज बंद करते.

वीज, अर्थिंग व संदेश तिन्ही ठीक, शॉर्ट नाही आणि तरीही वीज बाहेर पडत नाही, तेव्हाच मॉड्यूल दोषी समजावे. मॉड्यूल उघडल्यावर आत पाण्याचे डाग, हिरवट थर किंवा जळका वास आढळल्यास निदानाला पुष्टी मिळते.

मॉड्यूल बदलताना

• गाडीचा १७ अंकी-अक्षरी चासी क्रमांक व जुन्या मॉड्यूलवरील भाग क्रमांक पाहूनच नवीन मॉड्यूल मागवावे. दिसायला सारखी पेटी चालेलच असे नाही.
• शक्य असल्यास जुन्या मॉड्यूलमधील माहिती स्कॅनरने आधी जतन करून घ्यावी.
• प्रथम बॅटरीचे ऋण टोक काढून काही मिनिटे थांबावे, मगच कनेक्टर सोडवावेत.
• नवीन मॉड्यूलला गाडीची माहिती भरावी लागते. चोरीविरोधी यंत्रणा त्याच्याशी जोडलेली असल्यास चाव्याही ओळखवाव्या लागतात. म्हणून घरातील सर्व चाव्या सोबत न्याव्यात.
• माहिती भरताना बॅटरीला योग्य चार्जर जोडलेला असावा. मध्येच दाब कमी झाल्यास नवे मॉड्यूल निकामी होऊ शकते.
• भंगारातून स्वस्तात मिळणाऱ्या मॉड्यूलमध्ये दुसऱ्या गाडीची माहिती असते. ती बदलता येईल याची खात्री झाल्याशिवाय ते घेऊ नये.
• मूळ शॉर्ट किंवा पाण्याची गळती दूर केल्याशिवाय नवे मॉड्यूल बसवू नये. तेही त्याच मार्गाने जाईल.
• भाग क्रमांक लिहिलेले पक्के बिल व जुना भाग मागून घ्यावा.

मॉड्यूल टिकावे म्हणून

गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा डॅशबोर्ड व फ्यूज बॉक्सवर मारू नये. पावसाळ्यापूर्वी समोरच्या काचेचे रबर तपासावे, पायाखालची मॅट ओली राहत असल्यास गळती शोधावी. गाडीला जाळी किंवा कॅरिअर वेल्डिंग करून बसवताना बॅटरीचे ऋण टोक व मॉड्यूलचे कनेक्टर आधी काढावेत आणि वेल्डिंगचे अर्थिंग कामाच्या जागेजवळच लावावे. दुसऱ्या बॅटरीवरून गाडी सुरू करताना धन व ऋण टोके उलटी जोडली जाणार नाहीत याची दक्षता घ्यावी. जादा दिवे लावायचे झाल्यास मूळ वायर कापू नये, रिले व फ्यूजसह स्वतंत्र वायर बॅटरीपासून घ्यावी.

शेतकरी बंधूंनो, पीक पिवळे पडले की आपण लगेच खत टाकत नाही. पाणी साचले आहे का, मुळे कुजली आहेत का हे आधी पाहतो. गाडीच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा. बॅटरी, अर्थिंग, फ्यूज, वायरिंग आणि सर्वांत शेवटी मॉड्यूल या क्रमाने तपासणी केल्यास अनावश्यक खर्च टळेल आणि हंगामात गाडी दारात उभी राहणार नाही. ही तपासणी तोडणी सुरू होण्याच्या आधीच करून घेणे हिताचे ठरेल.