हौसेचा पांढरा हत्ती

हौसेला मोल नसते म्हणतात. पण हौस दारात आणून उभी केल्यावर तिला पोसायचे कुणी? बेंगळुरूच्या रमेश बाबूंना या प्रश्नाचे उत्तर सापडले.

ते ७ वर्षांचे असताना वडील वारले. मागे राहिले केशकर्तनाचे छोटेसे दुकान. आईने ते रोज ५ रुपये भाड्याने दिले आणि दुसऱ्यांच्या घरी कामे करून मुलांना वाढवले. मोठेपणी रमेश बाबूंनी स्वतः कात्री हाती घेतली. १९९४ च्या सुमारास कर्ज काढून मारुती व्हॅन घेतली. ती नुसतीच उभी राहू लागली, तेव्हा भाड्याने दिली. हळूहळू गाड्यांचा ताफा झाला आणि २०११ मध्ये तीन कोटींहून अधिक किमतीची रोल्स-रॉइस घोस्ट दारात आली.

व्हॅनचे इंजिन ३ सिलिंडरचे. कोपऱ्यावरचा मेकॅनिकही ते दुरुस्त करी. घोस्टचे इंजिन १२ सिलिंडरचे, ६.६ लिटरचे. बिघाड कुठे आहे हे कळायलाच संगणक जोडावा लागतो. अशा गाडीवर कितीही जीव असला, तरी मालकाच्या हाती उरते पुसायचे फडके आणि कारखान्याचे बिल!

रमेश बाबूंनी घोस्टही भाड्याने द्यायला सुरुवात केली. मात्र कात्री खाली ठेवली नाही. रोल्स-रॉइसमधून सलूनमध्ये येऊन गिऱ्हाइकांचे केस कापणारा हा माणूस देशभर कौतुकाचा विषय झाला.

पांढरा हत्ती दारी झुलवायची हौस जरूर करावी. पण त्याला चार ओंडके ओढायला लावावेत, आणि आपणही हात चालू ठेवावेत.